डब्यातलं कडं

मावशी : थांब, थांब! तशीच आत घुसू नकोस. चपला काढ, पिशवी ठेव आणि आधी माझं दोन मिनिटं ऐक.

ताई : मावशी, अंगठ्याला पट्टी कसली?

मावशी : चावली.

ताई : कोण?

मावशी : शेजारचं मांजर! कोण म्हणजे काय, तुझी लाडकी भिंगरी. चमच्याने पाणी पाजायला गेले, तर पाणी सोडून मलाच घेतलं तोंडात.

ताई : ती चावत नाही कुणाला. तीन वर्षं रोज दहा ते चार मी तिच्याबरोबर असते. एकदासुद्धा चावली नाही.

मावशी : बस मग कौतुक करत. तू गावाला गेलीस, संस्थेने तुझ्या जागी मला पाठवलं. नऊ दिवस पोरगी इतकी गुणी, की मी घरी जाऊन सुनेला म्हटलं, हिला दिसत नाही, ऐकू येत नाही, तरी तुझ्यापेक्षा जास्त ऐकते. आणि परवा दुपारी काय बिनसलं कोण जाणे. तेव्हापासून अंगाला बोट लावू देत नाही.

आई : ताई, आलात? वडील कसे आहेत तुमचे?

ताई : खुब्याचं ऑपरेशन झालं, भाऊ थांबलाय त्यांच्यापाशी. वहिनी, काल फोनवर तुम्ही नुसत्या रडत होतात, मला एक अक्षर कळलं नाही. मिळेल त्या गाडीने आलेय. कुठे आहे ती?

आई : पुढच्या खोलीत. माझ्या शिलाई मशीनखाली.

ताई : पोटात काय गेलंय?

आई : परवा दुपारपासून काही नाही. झोप लागली की ओला बोळा फिरवते ओठांवरून, तेवढंच. ओठांची सालपटं निघालीत हो. सकाळी डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, बारापर्यंत ग्लासभर पाणी पोटात गेलं तर ठीक, नाहीतर घेऊन या, सलाईन लावू.

ताई : आत्ता पावणेअकरा झालेत.

आई : म्हणून तर जीव टांगणीला लागलाय. ह्यांची गाडी लांबच्या फेरीला गेलीय, उद्याशिवाय परत येत नाहीत.

मावशी : मी म्हणते, लावू दे की सलाईन. तीस वर्षं आया होते मी बाळंतिणींच्या वॉर्डात. बाटलीभर पाणी अंगात गेलं की लेकरं कशी टवटवीत होतात!

ताई : हिला नाही चालत, मावशी.

मावशी : का? हिच्या शिरा काय सोन्याच्या आहेत?

ताई : मागच्या वर्षी तापात नेलं होतं. सुई निघू नये म्हणून दोन्ही हात खाटेला बांधून ठेवले. दोन दिवस. हिला नुसता उजेड आणि अंधार कळतो, कानांनी काहीच नाही. सांगायचं ते हातांनी, समजून घ्यायचं ते हातांनी. तुमचे डोळे बांधून, कानात बोळे कोंबून, तोंडावर पट्टी मारून कुणी सुया टोचल्या तर?

मावशी : बाई गं.

आई : घरी आणल्यावर दोन महिने एक खूण केली नाही तिने. पाणी नाही, भूक नाही, शी-शू नाही. भिंतीकडे तोंड करून बसायची.

ताई : पुन्हा हात बांधले तर ह्या खेपेला किती महिने जातील, सांगता येत नाही. काल-परवा कमावलेलं नाही ते. एकेका खुणेला सहा-सहा महिने लागलेत.

आई : म्हणून तुम्हाला बोलावलं. तुमच्या हातून घेईल ती. तुमच्या हातून नाही घेतलं तर मग मी काय करू?

ताई : बघू. मी एकटीच जाते. तुम्ही दोघी दारापाशी उभ्या राहा, पाय वाजवू नका. जमिनीतून कळतं तिला.

मावशी : नाही वाजवत.

ताई : भिंगरी... ए भिंगरे... मी आलेय. इथे बसलेय बघ. तुझ्या पायाजवळ. हात खाली ठेवलाय, तळवा वर. तुला धरणार नाही. वाटलं तर ये.

मावशी : तिला ऐकू येत नाही, मग बोलतेस कशाला?

ताई : तोंडाने बोलले की माझा हात खोटं वागत नाही. श्‌. आई गं, हात कुठे ठेवलेत हिने?

आई : काखेत. परवापासून असेच. झोपेतसुद्धा काढत नाही.

ताई : शाबास. कोपराने शोधतेय मला. हां, हा माझा हात, बरोबर. आणि हे कडं. ओळखलंस ना? तीन खाचा. एक, दोन... आई गं!

आई : काय झालं?

मावशी : ढकललं तिला! लाथ मारली. ताई, लागलं का गं?

ताई : लागलं नाही. थांबा जरा.

आई : तुम्हालाही?

ताई : वहिनी, तिने मला न ओळखून नाही ढकललं. कड्याला हात लागला, खाचा मोजल्या, आणि मग ढकललं. ताई म्हणून ढकललं.

मावशी : अगं, न सांगता निघून गेलीस म्हणून रुसली असेल.

ताई : सांगून गेले होते. फोन आल्यावर आधी तिला घेऊन बसले. तिच्या हाताने पेटीतलं कडं काढलं, डब्यात ठेवलं, झाकण लावलं. मगच घराबाहेर पडले. वहिनी, तुम्ही होतात ना समोर?

आई : होते.

मावशी : ते कड्याचं एवढं काय, तेच मला नऊ दिवसांत नीट उमगलं नाही.

ताई : ही भिंतीशी लांबट पेटी दिसते ना, हा तिचा दिवस आहे. एकेका कप्प्यात एकेक वस्तू. चमचा म्हणजे जेवण, टॉवेल म्हणजे आंघोळ, दोरीचा तुकडा म्हणजे मागच्या अंगणातला झोका. वस्तूशेजारी माणूस. माझ्या हातात हे लाकडी कडं, त्याचा जोड पेटीत. वहिनींच्या गळ्यात मापाचा टेप, त्याचा तुकडा पेटीत. ज्याचं जे, तेच त्याचं नाव. तुमचं घड्याळ.

मावशी : हां, ते करते ती. मी आले की आधी घड्याळ चाचपते, मग हात देते. तू फोनवर सांगितलंस तसंच केलं मी.

ताई : आणि माणूस येणार नसलं, की त्याची वस्तू डब्यात जाते. डब्यात कडं, म्हणजे ताई नाही.

मावशी : रोज सकाळी मी आले की डबा उघडायची. कडं आहे बघायची, झाकण लावायची, आणि मुकाट्याने माझा हात धरायची. मला तर भरून यायचं.

ताई : तो डबा आणा बरं.

आई : कशाला आता? बारा वाजायला किती वेळ लागतो...

ताई : डबा आणा, वहिनी.

मावशी : हा घे.

ताई : रिकामा आहे.

मावशी : असं?

ताई : कडं कुठेय? तिने कुठे टाकलं? वहिनी, तुमच्याशी बोलतेय मी.

मावशी : माझ्या पिशवीत आहे. तिच्याकडे कशाला बघतेस, माझ्याकडे बघ. हे घे. मी घातलं होतं परवा.

ताई : काय?

मावशी : घातलं, झालं. म्हटलं, पोरगी रोज त्या डब्याशी हिरमुसते, घालावं एकदा, तेवढीच खूष होईल. मला मेलीला काय माहीत एवढं रामायण होईल!

ताई : मावशी, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? तुम्ही खोट्या नावाने तिच्याजवळ गेलात! आपल्याला माणूस लांबून दिसतो, आवाज येतो. तिला एवढं एकच आहे, हातातलं कडं. तेच खोटं निघालं तर तिने कुणावर विश्वास ठेवायचा? उद्या कुणीही कडं घालून येईल आणि तिला उचलून नेईल!

मावशी : चुकलं माझं.

ताई : चुकलं म्हणून भागत नाही! तीस वर्षं लेकरं सांभाळलीत ना तुम्ही? मी संस्थेला कळवते. आजच कळवते. तुम्हाला पुन्हा अशा मुलाजवळ पाठवणार नाहीत.

मावशी : कळव. माझी काय, जाताजाताची नोकरी.

आई : मावशी...

मावशी : तू गप गं. पाणी गार झालंय बघ, कोमट करून आण. जा.

ताई : थांबा. मावशी, घाला ते.

मावशी : काय?

ताई : कडं. घालून दाखवा.

मावशी : आता काय प्रदर्शन मांडायचंय? अंगठा सुजलाय माझा.

ताई : अंगठा डावा सुजलाय. उजव्या हातात घाला.

मावशी : जात नाही पटकन. साबण लावावा लागतो.

ताई : मुठीपाशीच अडलंय, मावशी. साबणाने काय, तेलानेसुद्धा जाणार नाही. तुमची मूठ माझ्या दीडपट आहे. आणि तुमच्या घड्याळाला ती रोज हात देत होती. तुम्हाला माझं नाव घ्यायची गरजच काय?

मावशी : बाळं उचलून उचलून जाड झालेत हात. त्यात माझा काय दोष?

ताई : कुणी घातलं होतं?

आई : मी.

मावशी : झालं! फिरवलं पाणी सगळ्यावर.

ताई : वहिनी, तुम्ही?

आई : मावशी दुपारी घरी गेल्या होत्या तासभर. त्यांना काही ठाऊक नव्हतं. परत आल्या तेव्हा कडं माझ्या हातातच होतं, तेवढ्यावरून ओळखलं त्यांनी. मी सांगितलं नव्हतं त्यांना माझं पाप तुमच्या डोक्यावर घ्या म्हणून.

मावशी : मग काय करू? ही माझ्यावर चिडली तर तो राग माझ्याबरोबर संध्याकाळी घरी जाईल. तुझ्यावर चिडली तर इथेच राहील. तुम्हा दोघींना वर्षं काढायचीत एकमेकींबरोबर.

ताई : पण का? सात वर्षांची तुमची मुलगी, तुमच्या पोटची. तुम्हाला माझं कडं कशाला हवं होतं?

आई : हसायला.

ताई : म्हणजे?

आई : तुमचं कडं लागलं की ती हसते. अशी खळखळून, मान मागे टाकून. दहा वाजता तुम्ही येता आणि मी मशीनवर बसून ऐकते. मागच्या अंगणातून येतो तो आवाज. सहा तास. मग चार वाजता तुम्ही जाता आणि मी टेप घालून तिच्यासमोर जाते, आणि ती काय करते माहीत आहे? बोटं आत वळवते. नखं लपवते.

ताई : नखं?

आई : तुमची पेटी बघा ना, ताई. तुम्हीच लावलीत. दोरी, शेजारी कोण? कडं. मातीचा गोळा, शेजारी कडं. बाहेर फिरायला जायचं, कडं. आणि माझा टेप बघा कुणाकुणाच्या शेजारी आहे. औषधाचा चमचा. नखं कापायची कात्री. कंगवा. आंघोळ. डोळ्यांत थेंब. तीन वर्षं तिला रोज तेच वाचायला मिळतंय. आई म्हणजे कडू, आई म्हणजे टोचतं.

ताई : मी तसं... ते दहा ते चार आणि बाकीची वेळ असं लावलं होतं. माझ्या वेळेत जे येतं ते माझं, तुमच्या वेळेत जे येतं ते तुमचं.

आई : तुमच्या सोयीने.

ताई : हो. माझ्या सोयीने.

आई : परवा दुपारी मी टेप काढून ठेवला. कडं घातलं. ती डब्याशी गेली, झाकण उघडलं, रिकामा! अहो, नाचली हो ती. घरभर भिंती चाचपत आली, मी पलंगावर बसले होते. कड्याला हात लावला, खाचा मोजल्या आणि माझ्या मांडीत चढून बसली. माझ्या गळ्यात पडून हसली. दहा मिनिटं. सात वर्षांत माझ्याजवळ कधीच तशी हसली नव्हती. मला वाटलं, हे दहा मिनिटांचं चोरलेलं का होईना, माझं आहे.

मावशी : आणि मग?

आई : मग तिने माझं बोट धरलं. हे डावं. सुया टोचून टोचून खरखरीत झालंय. तिने त्याचा वास घेतला. मग कडं चाचपलं. पुन्हा बोट. पुन्हा कडं. तिचं तोंड असं... मला नाही सांगता येत, ताई. एवढीशी पोर, आणि चेहऱ्यावर असं, की आपल्याला सगळ्यांनी मिळून फसवलंय. मग किंचाळली. आणि मशीनखाली जाऊन बसली.

ताई : तुम्ही दोघींचीही नावं घालवलीत, वहिनी. माझंही आणि तुमचंही.

आई : माहीत आहे मला! तुम्ही बोला, मला मारा हवं तर, पण आधी तिला पाणी पाजा. साडेअकराला दहा कमी आहेत.

ताई : मी पाजू शकत नाही.

आई : असं नका ना म्हणू.

ताई : कडं घालून गेले तर ढकलते. काढून गेले तर मी कोण? अनोळखी बाई. जबरदस्तीने तोंड उघडलं तर पाणी श्वासात जाईल. मला... मला सुचत नाहीये काही.

मावशी : दोघींनीही हातपाय गाळा, म्हणजे मी आणि पोरगी काय ते बघून घेतो. अगं, काल आधी तिने पाठ टेकली, मग संध्याकाळी गाल लावला मशीनच्या पायाला. लोखंड गार लागत असेल. सारखी तिथेच गाल लावून बसते.

ताई : गाल लावून?

मावशी : हो. मी उशी दिली तर भिरकावली.

ताई : वहिनी, मशीन कधी चालवलीत शेवटची?

आई : परवा सकाळी. त्यानंतर कसं चालवू? ती खाली बसलीय. आणि शिवायला मन तर हवं ना.

ताई : एरवी तुम्ही शिवत असताना ती कुठे असते?

आई : तुम्ही गेल्यावर? तिथेच, खाली लुडबुडत. मी हाकलते, पायडलमध्ये बोट जाईल म्हणून.

ताई : तीन वर्षांत हे सांगितलं नाहीत मला.

आई : त्यात काय सांगायचं? पायात येते, एवढंच.

ताई : वहिनी, तिला लपायचंच असतं तर पलंगाखाली गेली असती. मोरीत गेली असती. ज्या बाईने फसवलं तिच्याच मशीनखाली का गेली? आणि कान लावावा तसा गाल लावून का बसलीय?

मावशी : अगं बाई! वाट बघतेय ती.

ताई : दोन दिवस तुमची मशीन बंद आहे. म्हणजे तिच्या लेखी तुमचा आवाज बंद आहे. टेप घाला गळ्यात. कुठेय टेप?

आई : खिळ्याला.

ताई : घाला. बसा मशीनवर. ती कुठल्या बाजूला आहे, मावशी?

मावशी : डाव्या पायाशी. चाक उजवीकडे आहे, बोटं येत नाहीत मध्ये. मी झोपते खाली आणि बघते. ह्या वयात लोटांगण घालायची वेळ आली!

आई : आणखी घाबरली तर?

ताई : हळू चालवा. घाबरून थांबू नका.

(मशीन सुरू होते.)

आई : काय करतेय? मला इथून दिसत नाही. सांगा ना कुणीतरी!

मावशी : काही नाही. तशीच बसलीय.

आई : थांबू का?

ताई : थांबू नका. आधी कशा शिवत होतात तशा शिवा. लांब शिलाई असते ना, पडद्याची, तशी.

मावशी : मान हलवली. गाल काढला, परत लावला. डोळे मिटलेत.

आई : रडतेय?

मावशी : नाही गं. चालव तू. ए, ए, हात! एक हात निघाला बाहेर!

ताई : ओरडू नका.

मावशी : ओरडत नाही, बाई. काखेतून काढला हात. लोखंडाला लावला. पंजा सगळा टेकवला. आता दुसरा. दोन्ही हातांनी धरलाय मशीनचा पाय. मिठी मारून बसलीय.

आई : खरंच?

मावशी : मी कशाला खोटं बोलू? खोट्याचा कोटा मघाशीच संपला ह्या घरातला.

ताई : वहिनी, आता थांबा. आणि खाली या. तिच्या समोर नाही, शेजारी. हात जमिनीवर ठेवा, तळवा वर. काही झालं तरी तिला धरायचं नाही.

आई : नाही आली तर?

ताई : तर पुन्हा मशीन चालवा.

आई : ठेवला हात. इथे आहे मी. भिंगरी, आई आहे. बाळा, आईच आहे.

मावशी : बघ, ही पण बोलायला लागली.

आई : बोट सापडलं तिला. तेच. खरखरीत. ताई, वास घेतेय.

ताई : घेऊ दे.

आई : हातावरून वर येतेय. मनगट चाचपतेय. गोल फिरवतेय बोटं.

ताई : कडं आहे का बघतेय. मोकळं आहे ना मनगट? बघू दे तिला.

आई : दुसरंही बघितलं. आता खांदा. टेप धरला! ओढतेय, ताई, टेप ओढतेय. घेऊ का जवळ?

ताई : अजून नाही. आता कडं द्या तिच्या हातात.

आई : वेड लागलंय का तुम्हाला? आत्ता कुठे आली! पुन्हा चिडली म्हणजे?

ताई : चिडू दे. खरं सांगितल्यावर चिडलेली चालेल. एका हातात तुमचा टेप, दुसऱ्या हातात कडं. तेव्हा ती आईच होती, हे तिला कळलं पाहिजे तुमच्याकडून. माफी मागायला तिच्याकडे दुसरे शब्द नाहीत.

आई : हे घे, राणी. हे मी घातलं होतं. आईने. चुकलं आईचं.

मावशी : खाचा मोजतेय बघ.

आई : कडं माझ्या हातात घालतेय. घालू देऊ?

ताई : घालू द्या.

आई : घातलं. काढलं. टेप ओढला. पुन्हा घातलं. काढलं. मारतेय हो माझ्या हातावर.

ताई : लागतंय?

आई : लागू दे.

मावशी : आता काय शोधतेय? जमीन चाचपतेय.

ताई : डबा. तिला डबा हवाय. मावशी, सरकवा तिच्याकडे. पटकन.

मावशी : हा गेला. सापडला. कडं टाकलं आत. झाकण... झाकण बसेना तिला. बसलं. आणि वर दोन्ही हातांनी दाबलं, हो! म्हणजे काय झालं हे?

ताई : म्हणजे ताई नाही.

मावशी : तू समोर उभी आहेस की.

ताई : तिने ठरवलंय, मावशी. इथे आई आहे, ताई नाही. हे माझ्या हातातलं धरा, पिशवीत टाका माझ्या. आज मी नाही.

आई : ताई, तुम्हाला वाईट वाटलं?

ताई : वाटलं. फार वाटलं. अकरा दिवस रोज मनात तिचा हात धरत होते मी. पण ते मग बघू. ग्लास घ्या, वहिनी. आधी रिकामा ग्लास तिच्या हातात, मग पाणी. घाई करू नका.

आई : धरला ग्लास. काठ चाचपला. बोट घातलं आत. ताई... तोंडाला लावला.

मावशी : पितेय! गटागटा पितेय, मेली! अगं हळू, ठसका लागेल!

ताई : ठसका लागू दे थोडा. किती गेलं?

आई : अर्धा. पाऊण. सगळा! मावशी, दुसरा भरा. वाजले किती?

मावशी : बाराला पाच कमी. डॉक्टरला मी फोन करते, थांब. म्हणते, सलाईन तुमच्याकडेच ठेवा.

ताई : दुसरा ग्लास अर्धाच द्या. आणि वहिनी, उद्या पेटी आपण दोघी मिळून लावू. आधी दोरी. टेपच्या शेजारी.

आई : मला झोका द्यायला जमेल का पण? तुमच्यासारखा?

ताई : माझ्यासारखा कशाला? उद्या दहाला येते मी. डब्याला तोवर कुणी हात लावायचा नाही. कडं तिच्याच हाताने बाहेर निघालं तर निघेल.

आई : थांबा, जाऊ नका. काहीतरी म्हणतेय. मुठीवर मूठ आपटतेय. 'अजून' ना?

ताई : 'अजून'च. पाणी दाखवा.

आई : ग्लास ढकलला. परत तेच. अजून, अजून. काय अजून, बाळा?

मावशी : तिचा दुसरा हात कुठे आहे बघ. मशीनच्या पायावर.

आई : माझ्याकडे मागतेय?

मावशी : मग काय माझ्याकडे? मला टाकासुद्धा घालता येत नाही.

आई : पण मशीनला कापड नाही लावलेलं. पडद्याचं संपलं ना मघाशी.

मावशी : बिनकापडाची चालव, बाई! तिला कुठे पडदे लावायचेत.

आई : हो, हो, आले. चालवते. थांब गं राणी, दोरा तेवढा काढते.